फोनचं गोंदण

‘विहीण आली मांडवाला, तोंडाला लावून कुलूप गं
किल्ली नेली उंदरानं, त्याला दावा तूप गं!’

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या मुंडावळ्यांची फुलंसुद्धा सुकली नव्हती. नुकत्याच अक्षता पडलेल्या, पंगत बसलेली, आणि पंगतीच्या मधोमध उभी राहून, एक हात कमरेवर आणि एक हात हवेत नाचवत गाणारी बाई म्हणजे माझी नवी कोरी सासू, गजराबाई. आमच्या भागात सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचा आवाज असा की मांडवावरच्या चिमण्या भुर्रकन उडाव्यात.

आणि ती शिवी होती माझ्या आईला.

लग्नात विहिणीनं विहिणीला गाण्यातून शिव्या द्यायच्या, ही आमच्याकडची रीत. शिवी जितकी झणझणीत तितका विहिणीचा मान मोठा. मात्र ज्या विहिणीला शिवी बसली तिनं तिथल्या तिथं उठून जाब द्यायचा असतो. जाब नाही दिला तर ती हरली. माझी आई, सरूबाई, कधी हरणारी नव्हती. माणदेशातल्या आमच्या गावात कुणाच्याही घरी लग्न निघालं की आधी वाजंत्री ठरायची नि मग आईला सांगावा यायचा. पण माझे वडील आदल्या वर्षीच गेले होते. मोकळ्या कपाळाच्या बाईनं मांडवात गायचं नसतं. म्हणून आई पार मागं, पाण्याच्या पिंपांच्या आडोशाला बसली होती. सगळे हसत होते. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि ती खाली बघत राहिली.

जाब आला नाही.

तो पदर माझ्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही. ती विधवा आहे म्हणून मागं बसली आहे हे आत्याबाईंना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्यांनीच तर मला बघायला आल्या तेव्हा माझ्याकडं धड पाहिलंही नव्हतं. मी काढलेली रांगोळी नाही, मी विणलेलं तोरण नाही, ‘आई कुठाय पोरीची?’ एवढंच विचारलं आणि थेट चुलीपुढं जाऊन बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, ‘पोरगी पसंत हाय.’ माझ्या सासरी सगळे म्हणायचे, गजराबाईची नजर पारखी, एका दृष्टीत रूप जोखलं. मलाही ते खरंच वाटायचं. तेवढाच एक आनंद.

लग्नानंतर आई माझ्या घरी, रहिमतपूरला, कधी आली नाही. कधी म्हैस गाभण असायची, कधी शेंगा काढायला आलेल्या असायच्या. ‘लेकीच्या घरचं पाणी जड असतं गं हिरे,’ हे तर ठरलेलं. हिरा हे माझं माहेरचं नाव. सासरी तांदळाच्या ताटात नाव बदललं तेव्हापासून मी अपर्णा. मी माहेरी जायची, राहायची, यायची. आत्याबाई दरवेळी विचारायच्या, ‘आली का न्हाई तुझी आई?’ मी म्हणायची, ‘नाही.’ मग त्या कणीक जोरजोरानं तिंबायच्या.

आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पण जे घडलं ते फोनपासून घडलं, म्हणून फोनपासूनच सांगते.

आमचे हे एस.टी.त कंडक्टर. त्यांनी मला पहिला स्मार्टफोन आणून दिला तेव्हा गंमत म्हणून मी आत्याबाईंचं एक गाणं त्याच्यात उतरवलं. भाकरी थापता थापता त्या गुणगुणत होत्या. त्या दिवसांत सगळेच ज्या अ‍ॅपवर काही ना काही टाकायचे, त्याच्यावर ‘गजराबाईच्या शिव्या’ या नावानं खातं काढून टाकून दिलं. आणि लोकांना ते आवडलं की हो! कराडच्या, पुण्याच्या, पार सुरतेला गेलेल्या आपल्या बायका लिहायला लागल्या, ‘मावशी, अजून एक.’ आत्याबाई फोनपुढं पदर सावरून, पावडर लावून बसायला लागल्या.

‘पावडर कशाला आत्याबाई, आवाजाला लागते होय?’

‘तुला लागत न्हाई, कारण तुला कुणी बघत न्हाई,’ त्या म्हणायच्या.

पुढं ह्यांनी जरा बरा फोन घेतला, आत्याबाईंचं खातं त्या नव्या फोनवर आणलं, आणि जुना फोन मी पुसूनपासून माहेरी आईला नेऊन दिला. आपल्याकडं हे असंच चालतं. नवं सासरी राहतं, जुनं माहेरी जातं. साडी असो, पातेलं असो, नाहीतर फोन. ‘बोलायच्या पुरता वापर,’ मी आईला म्हटलं. ती म्हणाली, ‘दुसरं काय करणाराय मी त्याचं?’

त्यानंतर महिन्याभरानं आत्याबाईंच्या खात्यावर एक पाखरू आलं.

आत्याबाईंनी एक जुनीच शिवी गायली होती:

‘विहीण माझी लठ्ठम लठ्ठ, जोत्यावर मावंना गं
पंगतीला बसली तर, पत्रावळ तिला घावंना गं!’

खाली शंभर हसऱ्या तोंडांमध्ये एकानं गाण्यातच उत्तर लिहिलं होतं:

‘विहीण तुमची वाळकी काडी, वाऱ्यासंगं उडून गं
पापड म्हणून पोरांनी, खाल्ली तिला मोडून गं!’

लिहिणाऱ्याचं नाव ‘बाभूळबन’. फोटोच्या जागी एक काळी कोंबडी.

मी वाचून दाखवलं. आत्याबाईंचा हात परातीतच थांबला. ‘पुन्यांदा वाच,’ म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. त्या एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पिठाच्या मनगटानं पुसलं आणि गालावर पांढरा पट्टा ओढला गेला.

‘कोण हाय गं ही?’

‘काय माहीत. कोंबडी आहे.’

‘कोंबडी न्हाई ती,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘कोंबडा हाय. बांग देतीया.’

मग रोजचाच खेळ झाला. इकडून शिवी, तिकडून जाब. आत्याबाई सकाळी उठून आधी विचारायच्या, ‘कोंबडी बोलली का?’ ते अ‍ॅपसुद्धा मोठं वस्ताद. अधूनमधून आपणहून दाखवायचं: ‘तुम्ही यांना ओळखत असाल – बाभूळबन.’ मी हसून आत्याबाईंना म्हणायची, ‘बघा, मशीन म्हणतंय तुमची ओळख असेल.’ त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, ‘असंल, असंल. सगळ्या जगाची खबर ठेवतंय ते, खोटं कशाला बोलंल?’

मला वाटायचं, गंमत करतायत.

तर असं सगळं छान चाललं असताना, एका दुपारी, ती उखळाची शिवी गायली आणि घात झाला.

‘विहिणीला मी उखळात घालीन, मुसळानं कांडीन गं
तिच्या पिठाचं धिरडं करून, तिच्याच ताटात मांडीन गं!’

चहा व्हायच्या आत फोनवर लाल पाटी आली. खातं कायमचं बंद. कारण: छळ आणि हिंसेची धमकी.

‘आत्याबाई, तुमचं खातं बंद केलं.’

‘कुणी?’

‘अ‍ॅपवाल्यांनी.’

‘का? मी काय त्यांचा बांध कोरला?’

‘तुम्ही म्हणे धमकी दिली. विहिणीला उखळात घालून कांडीन म्हणालात.’

‘मग कांडीनच म्हणायचं असतंय. काय कुरवाळीन म्हणू?’ त्या चिडल्या. ‘विहिणीनं तक्रार केलीया का माझी?’

‘तक्रार कुणीच नाही केली. मशीनच वाचतं नि मशीनच ठरवतं.’

‘मशीनचं लगीन झालंय का?’

‘नाही.’

‘मग त्याला विहीण काय कळणार, कप्पाळ!’

मी फेरविचाराचा अर्ज केला. ही आमची रीत आहे, ही शिवी म्हणजे मान असतो, असं जमेल तसं लिहिलं. घोटभर चहा पिऊन होईतोवर उत्तर आलं: आम्ही पुन्हा तपासलं, निर्णय तोच. कुणी तपासलं, कधी तपासलं, देव जाणे.

मग मी नवं खातं काढलं. ‘गजराबाई नवीन’. दिवेलागणीला गेलं. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या नावावरचं दुसरं सिम घातलं, ईमेल नवा काढला, आणि नाव दिलं ‘रानातली पाखरं’. एकच गाणं टाकलं, तेही जात्यावरचं, त्यात शिवीचं नाव नाही. तेही दुपारपर्यंत उडालं. आत्याबाई दारात बसून बघत होत्या, जणू मी पाण्यात सोडलेल्या होड्या एकेक बुडतायत.

बसस्टँडसमोर अमीनभाईंचं मोबाईलचं छोटं दुकान होतं. आम्ही दोघी गेलो. अमीनभाई ह्यांच्या वर्गातले, म्हणून मला वहिनी म्हणायचे, आत्याबाईंना चाची. त्यांनी फोन उलटापालटा केला.

‘वहिनी, तुम्ही नाव बदललं, सिम बदललं. पण फोन तोच ना?’

‘तोच.’

‘मग ओळखणारच की. प्रत्येक फोनला जन्मताच नंबर मिळतो.’ त्यांनी काही आकडे दाबले, पडद्यावर एक लांबलचक संख्या आली. ‘ही एक खूण. अशा अजून असतात, आत लपलेल्या. फोन कुठल्या बनावटीचा, कुठल्या वायफायला बसतो, काय काय. सगळं मिळून त्या लोकांना कळतं, की माणूस नवीन म्हणतोय पण फोन जुनाच आहे. एकदा या फोनवर शिक्का बसला, की त्याच्यावर कितीही नावं काढा, सगळी उडणार.’

आत्याबाईंनी आपला उजवा हात पुढं केला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, हिरवट झालेलं तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं.

‘म्हंजी असं म्हण की,’ त्या म्हणाल्या. ‘मी माहेरात अनसूया व्हते. लग्नात माझं नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं. पण माझ्या मावळणीनं, बापाच्या भणीनं, हे बघून मला भर बाजारात ओळखली व्हती. फोनाला बी गोंदण असतंय.’

‘बरोब्बर चाची,’ अमीनभाई म्हणाले. ‘गोंदण पुसत नाही.’

‘मेल्यावर बी संगं येतं,’ आत्याबाई म्हणाल्या आणि हात मागं घेतला.

‘चाची, दुसरा फोन घ्या. त्याच्यावर नवीन खातं चालेल.’

‘नवा फोन म्हंजी मी नवी बाई व्हणार,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘मग कोंबडी मला ओळखंल कशी?’

अमीनभाईंना कोंबडीचं काही कळलं नाही. ते माझ्याकडं बघून म्हणाले, ‘अजून एक. हे खातं आधी दुसऱ्या फोनवर होतं का? असेल तर त्या फोनलाही शिक्का बसलेला असणार. त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं खातं असेल तर तेही जाईल, बिचाऱ्याचा काही गुन्हा नसताना.’

‘जुना फोन माझ्या आईकडं असतो,’ मी म्हटलं. ‘पण ती नुसती बोलण्यापुरताच वापरते. तिचं कुठलं खातं?’

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं; पण त्यांनी पायातली चप्पल नीट केली आणि म्हणाल्या, ‘चल. भाजी घ्यायचीय.’

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला.

इकडचं तिकडचं झालं. म्हैस कशी आहे, पाऊस कसा नाही, शेजारच्या सुमनचं बाळंतपण कसं झालं. मग आई हळूच म्हणाली, ‘हिरे, फोनाला काय झालं असंल गं? ते उघडंना झालंय.’

‘काय उघडेना?’

‘ते आपलं... ते. काय न्हाई, राहू दे.’

‘आई, काय उघडेना?’

‘अगं लाल पाटी येतीया, त्याच्यावर कायबाय लिवलंय.’

‘वाचून दाखव.’

आई चौथी शिकलेली. बोट लावून वाचल्यासारखी सावकाश वाचू लागली. ‘तुमचं... खातं... बंद कर-ण्यात आलं आहे.’

‘आई, तुझं खातं? कधी काढलंस? कुठल्या नावाचं?’

पलीकडून म्हशीच्या साखळीचा आवाज आला; आई बोलता बोलता गोठ्यात शिरली होती.

‘सुमननं काढून दिलं व्हतं,’ आई म्हणाली. ‘बटण दाबून बोललं की आपणहून लिवतंय ते. नाव... बाभूळबन.’

समोर आत्याबाई अंगणात धान्य निवडत बसल्या होत्या. त्यांच्याकडं पाठ करून मी आत, फडताळाशी गेले.

‘आई, ती कोंबडी तू?’

‘कोंबडी आपलीच हाय गं, काळी. सुमननं तिचा फोटू काढला.’

मला हसू आलं. म्हणजे इतके दिवस माझ्या आईनं माझ्या सासूला, एकेका शिवीचं उत्तर देत, खळखळून हसवलं होतं. आणि माझ्या लग्नात न दिलेल्या जाबाचं व्याज फेडत होती की काय कोण जाणे. जुन्या फोनवरून, ज्याच्यावर एके काळी त्याच सासूचं खातं होतं. दोघी एकाच गोंदणानं बांधलेल्या. एकीला शिक्षा झाली, दुसरीला आपोआप झाली.

‘आई, मला का नाही सांगितलंस?’

‘काय सांगू? मोकळ्या कपाळाची बाई शिव्या गाती म्हणून? तिथं माझं कपाळ कुणाला दिसत न्हाई गं. तिथं मी नुसती कोंबडी.’ ती थांबली. ‘त्यांना सांगू नगंस. शपथ हाय तुला.’

मी शपथ पाळली. पण घरात काहीतरी विझल्यासारखं झालं. आत्याबाई फोनकडं बघेनात. भाकरी थापताना गाणं नाही, धुणं धुताना नाही. एकदा मी मुद्दाम त्यांचीच शिवी चुकीची म्हटली, की त्या तरी दुरुस्त करतील. त्या म्हणाल्या, ‘असू दे गं. जाब द्यायला कुणी नसलं की शिवी शिळी व्हती.’

माझ्या धाकट्या दिराचं, संपतचं, लग्न तोंडावर आलं होतं. हळदीच्या आधी घाणा भरायचा. म्हणजे उखळ-मुसळाला आंब्याची पानं बांधून बायकांनी हळकुंडं कांडायची आणि गाणी म्हणायची. आत्याबाईंनी सगळ्या भावकीला बोलावणं धाडलं. मग मला म्हणाल्या, ‘तुझ्या आईला तू सांग.’

‘ती येत नाही, तुम्हाला माहीत आहे.’

‘सांग तर. आणि तिला म्हणावं, घाण्याला ये. जेवणाला येऊन जाणाऱ्या लई असत्यात. घाण्याला ये.’

मी फोन लावला. आईनं आधी म्हैस काढली, मग पाण्याची पाळी काढली, मग लेकीच्या घरचं पाणी.

‘आई,’ मी म्हटलं, ‘दोन्ही खाती बंद पडली. आता तिकडून जाब द्यायची सोय राहिली नाही. द्यायचा असेल तर एस.टी.नं यावं लागेल.’

आई हसली नाही. ‘त्या काय म्हणतायत?’ तिनं विचारलं.

‘कोण?’

‘तुझ्या आत्याबाई गं. गात्यात न्हवं?’

‘नाही. गात नाहीत.’

‘गात न्हाईत?’ आईचा आवाज एकदम असा झाला, की कुणी आजारी आहे असं तिला सांगितलंय. ‘अजिबात न्हाई?’

‘अजिबात नाही.’

मग आई म्हणाली, ‘सकाळची गाडी किती वाजता पोचती म्हणालीस?’

आई आली. निळं लुगडं, डोक्यावर बाजरीचं गाठोडं, हातातल्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, आणि रुमालात गुंडाळलेला तो जुना फोन. ‘हे घे बाई तुझं मढं,’ म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. आत्याबाईंनी दारात तिच्या पायांवर पाणी घातलं. दोघी एकमेकींना ‘या’, ‘आले’ एवढंच म्हणाल्या. मी दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होते. कुणी काही दाखवलं नाही.

अंगणात घाणा सुरू झाला. पाच सुवासिनींनी मुसळाला हात लावला. आई नेहमीसारखी मागं सरकत सरकत पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसली. तेवढंच अंतर, तीच पाठ, तोच पदर.

चुलत सासूबाईंनी देवाचं गाणं म्हटलं. मग सासरच्या बायका हसून म्हणाल्या, ‘गजरा, आता तुझी येऊ दे.’ आत्याबाईंनी मुसळ दुसरीच्या हातात दिलं. एक हात कमरेवर ठेवला. आणि थेट टाकीकडं बघून सुरू केलं:

‘विहीण आली मांडवाला, तोंडाला लावून कुलूप गं...’

तीच शिवी. इतक्या वर्षांनी, बोलावून आणून, पुन्हा तीच! मी उठले; मला आईला आत न्यायचं होतं.

‘किल्ली नेली उंदरानं, त्याला दावा तूप गं!’

बायका हसल्या. आईनं पदर तोंडाकडं नेला. आणि मग तो पदर तिनं तोंडावर घेतला नाही, कमरेला खोचला.

चुलत सासूबाई घाईनं म्हणाल्या, ‘सरूबाई, तुमी राहू द्या हं. हळदीचा घाणा हाय, शुभ काम...’

‘जाऊबाई,’ आत्याबाईंचा आवाज सुरीसारखा आला. ‘शिवी मी दिलीया. जिला बसली ती जाब दील. ह्याच्यात शुभ-अशुभ काढणाऱ्या तुमी कोण? रीत मोडायची असंल तर आधी मला विचारा.’

आई उठून उभी राहिली. घसा खाकरला. आणि जो आवाज मी माझ्या लहानपणी, वडील असताना, मांडवामांडवांतून ऐकला होता, तो जरा खरखरीत होऊन, पण तसाच ताठ, बाहेर आला:

‘किल्ली माझ्या कनवटीला, कुलूप माझं पितळी गं
धुणं वाळवा विहिणीच्या जिभंवर, लांब जशी सुतळी गं!’

हसण्याचा असा फवारा उडाला की मुसळ धरलेल्या बाईच्या हातून मुसळ निसटलं. आत्याबाई तर खालीच बसल्या. एक हात पोटावर, दुसऱ्या हातानं आईला खुणावत होत्या, ‘अजून, अजून.’ मग काय! इकडून उखळ आलं, तिकडून पापड आला, लठ्ठ आली, वाळकी आली. पापडाची ओळ आईच्या तोंडून निघाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आत्याबाई तिच्यासोबत ओठ हलवत होत्या. त्यांना अजिबात नवल वाटलेलं नव्हतं. हळकुंडं कांडून त्यांचं पीठ झालं तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या प्रहरी सगळं आवरलं. पाहुण्या बायका कलंडल्या होत्या. आई आणि आत्याबाई ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या, मधे पानाचा डबा. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच टेकले. दोघींचे तळवे हळदीनं पिवळे.

‘तुम्हाला माहीत होतं,’ मी आत्याबाईंना म्हटलं. ‘बाभूळबन कोण आहे ते.’

‘पहिल्याच दिशी,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘त्या पापडाच्या ओळीला.’

आई दचकली. ‘ती ओळ तर माझी हाय. मी केलेली. तुमी कुठं ऐकलीसा?’

आत्याबाईंनी पानाला चुना लावला. घडी घातली. तोंडात ठेवली.

‘गोंदवल्याला एक लगीन व्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमची हिरा तवा परकरात असंल. मी वराकडून. वधूकडून एक बाई उठली, आणि तिनं ह्याच पापडाच्या ओळीनं आमच्या समद्या वऱ्हाडाची सालटी काढली. मी हसून हसून लोळले. जाब द्यायला उठले, तर सुचंचना. उभ्या जन्मात मला एकदाच जाब सुचला न्हाई.’

‘मला आठवत न्हाई,’ आई म्हणाली.

‘तुला कशाला आठवंल? तू जिंकली व्हतीस.’ तुमचं तू कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. ‘मग हिराच्या लग्नात बघते तर ती बाई पिंपामागं. तोंडाला पदर. माझ्या अंगाची लाही झाली. तुला सरळ म्हणले असते, ये, गा, तर बायांनी तुला खाली बसवलं असतं, आणि तुला बी वाटलं असतं, कीव करतीया. कीव करण्यापरीस शिवी दिलेली बरी. शिवीला उठावंच लागतं. म्हणून कुलपाची दिली. तू उठली न्हाईस. घरी बी आली न्हाईस.’

आईनं आत्याबाईंचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला आणि त्या हिरव्या तुळशीवृंदावनावर अंगठा फिरवत राहिली.

‘एवढं मनात व्हतं, तर सांगायचं तरी,’ ती शेवटी म्हणाली.

‘सांगते की. अजून एक राहिलंय, ते बी सांगते.’ आत्याबाईंनी माझ्याकडं तिरकं पाहिलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. ‘ही पोरगी ऐकतीया, ऐकू दे. समदे म्हणत्यात मी हिला रूप बघून केली. अगं सरू, मी हिच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. पाहुणं म्हणालं, गोंदवल्याच्या लग्नात गाणारी ती सरूबाई, तिची लेक हाय लग्नाची. मी गाडीत बसायच्या आधीच ठरवून आले व्हते. पोरगी तिरळी असती तरी केली असती. मला सून नगं व्हती गं. मला विहीण पायजे व्हती.’